शालूची भाकरी

बाबा बोटीवरून घरी यायचे दिवस जवळ आले की आमच्या घरात माझं धावणं बंद व्हायचं. कुठल्यातरी परक्या बंदरातून टाकलेलं त्यांचं पत्र आलं की आई ते दोनदा वाचायची, देवाजवळ ठेवायची आणि पदर खोचून माझ्याकडे वळायची. त्या दिवसापासून लंगडी नाही, लगोरी नाही, खाडीच्या बांधावरून पळत जाणं नाही. शाळेतून सरळ घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि पडवीत बसायचं. बसून करायचं काय, हे तिलाही सांगता येत नसे. खायचं, एवढं एकच तिला ठाऊक होतं. मी पडवीच्या कठड्यावर बसून पाय हलवत राही, तर तेही तिला खपत नसे. नुसते पाय हलवले तरी अंग उतरतं, असं तिचं म्हणणं. आज सत्तरी ओलांडली तरी माझे पाय एका जागी राहत नाहीत. लेक म्हणते, आई, एकदा तरी बसून चहा पी. मी बसते, आणि दोन घोट झाले की कप घेऊन अंगणात जाते.

हा सगळा खटाटोप वजनासाठी असायचा. बाबा मालवाहू बोटीवर होते, दहा-अकरा महिन्यांनी घरी यायचे. काका हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊन त्यांना उतरवून घ्यायचा, पेट्या घेऊन दोघं दुपारपर्यंत पोचायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाली की बाबा मला घेऊन बाजारातल्या भुसाऱ्याच्या दुकानी जायचे. आमच्या गावात बोटीवाल्यांची पाच-सहा घरं होती आणि ही रीत सगळ्यांचीच होती. तांदळाची पोती तोलायचा मोठा काटा दुकानाच्या वाशाला टांगलेला असे. त्याच्या एका पारड्यात पोर बसवायचं, दुसऱ्यात वजनं टाकायची, आणि दुकानदार आकडा असा खणखणीत सांगायचा की समोर मासे विकणाऱ्या बायकांनाही ऐकू जावा. आकडा वाढलेला असला की बाबा दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगत. नवरा समुद्रावर असताना घरातल्या बाईनं काय केलं, ते गाव त्या आकड्यावरून ठरवत असे. पारड्यात बसायच्या आधी मी दोन तांबे पाणी पिऊन जायचे, ही युक्ती मला कुणी शिकवली ते मी सांगत नाही, पण ती बाई पाणी पिताना माझ्यासमोर तांब्या धरून उभी असायची.

आईला हसणं सोपं आहे. मीही पुष्कळ वर्षं हसले. पण माझ्या पाठची दोन मुलं गेली होती, एक सहा महिन्यांचं आणि एक वर्षाचं, आणि दोन्ही जाताना अगदी सुकलेली होती. ती दोघं गेली तेव्हा बाबा समुद्रावर होते. आल्यावर त्यांनी आईला काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच तिच्या मनात बसलं होतं. माझ्या हाताला हाड लागलं की तिचा चेहरा बदलायचा. म्हणून घरात फडताळभर डबे असायचे. बाबांच्या बोटीवरचा कुणी गडी सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर पेटी यायची: सोनेरी कागदातली चॉकलेटं, क्रीमची बिस्किटं, दुधाची पावडर, चीजचे चपटे डबे. ते चीज आम्हांला कुणालाच आवडायचं नाही, पण टाकवतही नसे. आई रांधायची नाही असं नाही. तिच्या हातची बांगड्याची आमटी आणि गरम भात मी अजून विसरलेले नाही. पण शाळेच्या डब्यात घरचं काही द्यायची तिला लाज वाटायची. बोटीवाल्याची पोर भाकरी घेऊन गेली तर लोक काय म्हणतील, असं तिला वाटे. तिचं माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात होतं, नाचणी आणि कुळथावर ती वाढली होती, आणि लग्नाबरोबर ते सगळं तिनं मागे सोडलं होतं. आमच्या घरी नाचणीचं पीठ कधी दिसलं नाही.

मी सातवीत असताना शाळेत नव्या बाई आल्या. त्या देवरूखच्या, म्हणून गावानं त्यांना देवरूखच्या बाई असंच नाव ठेवलं. गणित शिकवायच्या आणि कवायतही घ्यायच्या. आधीचे गुरुजी कवायतीच्या तासाला आम्हांला ओळीत उभं करून स्वतः सावलीत बसत. या बाई साडीचा काचा मारून आमच्याबरोबर धावायच्या. ओहोटी लागली की आम्हां मुलींना पुळणीवर न्यायच्या आणि ओल्या वाळूत टाचेनं रेघ ओढून म्हणायच्या, पळा. पहिल्या दिवशी ते ऐकून मला रडूच आलं, इतका आनंद झाला. कुणीतरी मोठं माणूस मला पळ म्हणत होतं. डिसेंबरात रत्नागिरीला मुलींच्या रिलेची स्पर्धा होती आणि बाईंना चार मुली हव्या होत्या. शेवटचा टप्पा शालूचा, यात वादच नव्हता. शालू सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरच्या, वाडीतून यायची, कातळ उतरून पाऊण तास आणि परत जाताना चढून तासभर. हडकुळी, काळीसावळी, पायात काही नाही. ती धावायला लागली की बाकीच्या उभ्याच आहेत असं वाटे. तिच्यानंतरच्या तिघीही ठरल्या. मी पाचवी होते, म्हणजे कुणी आजारी पडली तरच.

बाईंचा दुसरा हट्ट डब्यांचा. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि डबे उघडे ठेवायचे. पुड्यातलं आणू नका, घरात शिजलेलं आणा, असं त्या रोज सांगायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी त्यांनी शालूच्या डब्यातली नाचणीची भाकरी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाल्या, "ही पोर रोज दोन तास चढउतार करते आणि तरी तुम्हां सगळ्यांच्या पुढे असते. तिचा दम या भाकरीत आहे." शालू लाजून खाली बघत होती. मग बाई माझ्यापाशी आल्या. माझ्या डब्यात क्रीमची चार बिस्किटं आणि दोन चॉकलेटं होती. त्यांनी झाकण लावलं आणि पुढे गेल्या. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याच आठवड्यात बाबांचं पत्र आलं आणि घरी माझं धावणं बंद झालं. मी आईला गणिताचा जादा तास आहे असं सांगून पुळणीवर जाऊ लागले.

परवा इथल्या शाळेत मला आजी म्हणून बोलावलं होतं, मुलांनी काय खावं यावर चार शब्द बोलायला. भिंतीवर फळांची चित्रं लावली होती, पोरं माना हलवत होती. मला सारखं वाटत होतं, यांच्यातल्या एखादीनं माझं बोलणं अक्षरशः घेतलं तर? कारण मी तसंच घेतलं होतं. दम भाकरीत आहे म्हटल्यावर माझा हिशेब सरळ होता: ती भाकरी माझ्या पोटात गेली पाहिजे. आईकडे नाचणी मागायची सोयच नव्हती. म्हणून एके दिवशी सुट्टी व्हायच्या जरा आधी मी शालूला शाळेमागच्या उंडीच्या झाडाखाली गाठलं आणि म्हटलं, तुझा डबा मला दे, माझा तू घे. मला वाटलं होतं ती कारण विचारेल. तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि डबा पुढे केला. बाई आमच्या डब्यांवर नजर ठेवत म्हणून आम्ही रोज काहीतरी निमित्त काढून गोलातून सटकू लागलो आणि त्या झाडाखालीच बसू लागलो. भाकरी जाड, कडेला वाईच करपलेली, बरोबर लसणीची चटणी, एखादे दिवशी भाजलेली सुकट. कुणी बघेल या भीतीनं मी ती भराभर गिळायचे. शालू माझ्या डब्यातलं न चाखता पुडीत बांधून दप्तरात टाकायची. घरी जाताना वाटेत खाते म्हणायची आणि मी तेवढ्यावर समाधान मानायचे.

आणि खरंच मी वेगात धावू लागले. भाकरीमुळे, रोजच्या धावण्यामुळे की नुसत्या खात्रीमुळे, देव जाणे. तीन आठवड्यांत मी चौथीला मागे टाकायला लागले. शालू मात्र मंदावली होती. ते मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, ते बघून मला बरं वाटत होतं, कारण त्याचा अर्थ भाकरी लागू पडते असा होता. रात्री अंथरुणात पडले तरी पोटऱ्या आपोआप ताठ व्हायच्या. अभ्यासाला बसवेना, जेवताना मांडी घालून बसवेना. इकडे माझे गाल बसले. आईनं जंत झाले म्हणून मला दोनदा एरंडेल पाजलं. त्या दिवशीही मी पुळणीवर गेले होते, त्याचं वर्णन इथं नको.

बाबा आले. तिसऱ्या दिवशीपर्यंत आईनं काहीबाही सांगून दुकानी जाणं लांबवलं, मग नाइलाज झाला. मी पाणी पिऊन गेले होते तरी दुकानदारानं वजनं चढवायच्या ऐवजी एक उतरवलं. गेल्या खेपेपेक्षा एक किलो कमी. अकरा महिन्यांनी, वाढत्या पोरीचं. त्यानं आकडा नेहमीसारखा मोठ्यानं सांगितला नाही, हळूच सांगितला, आणि ते जास्त वाईट झालं. बाबांनी चहा सांगितला नाही. घरी आल्यावर ते आईला एवढंच म्हणाले की फडताळ तर रिकामं झालंय, मग हे गेलं कुठं? आई भात वाढत होती. तिचा हात थांबला आणि पळीतला भात पानाबाहेर पडला. तिनं तो उचलला आणि आत गेली. खरं काय ते मला तिथंच सांगता आलं असतं. मी ताटातला मासा कोरत राहिले, कारण स्पर्धा पाच दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी पुळणीवर शालू पडली. हातात काठी घेतली, दहा पावलं धावली आणि वाळूत बसली, मग आडवीच झाली. ओठ पांढरे पडले होते. बाईंनी तिला सावलीत नेलं, गुळाचं पाणी पाजलं आणि विचारलं, दुपारी काय खाल्लंस? शालूनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "भाकरी." बाईंचा विश्वास बसला. अंगात ताप असेल, आता चार दिवस शाळेला येऊ नकोस, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि तिची काठी माझ्या हातात दिली. ती काठी घेताना मला झालेला आनंद मी आज लपवत नाही. तो झाला, खूप झाला. घरी येईपर्यंत तो तसाच राहिला नाही, इतकंच.

मी घरी आले तेव्हा बाबा जेट्टीकडे गेले होते. आई पडवीत माझे केस विंचरत होती. एक वेणी घालून झाली आणि ती दुसरी बाजू हातात धरून नुसती बसली. मी मान वळवली तर ती रडत होती. उद्या रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे जायचं, छातीचा फोटो काढायचा, असं ती सांगू लागली, आणि मध्येच म्हणाली, "त्या दोघांचंपण असंच झालं होतं गो. आधी गाल बसले. तूपण जाशील." माझ्या लबाडीतून असं काही निघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. पुळण, रिले, भाकरी, चॉकलेटं, शालूचं पडणं. आधी तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग दुसरा, आणि नंतर उठून पायांत वहाणा सरकवल्या. माझी एक वेणी घातलेली, एक बाजू मोकळी. त्याच अवतारात तिनं मला हाताला धरून सड्याकडे चालवलं.

स्पर्धेचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगून झाल्यावर त्यात काही राम राहणार नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंनाही सगळं सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, ती भाकरी आपण हातात घेऊन दाखवायला नको होती. माझ्यावर रागावल्या त्या नंतर. चौथी दुसरी कुणी नव्हती म्हणून धावले मीच, आणि आम्ही तिसऱ्या आलो. शालूला बरं वाटायला पंधरा दिवस लागले, पुढच्या वर्षी ती धावली आणि पहिली आली. बाईंनी त्यानंतर डबे वेगवेगळे ठेवणंच बंद केलं. मधल्या सुट्टीत एक धुतलेलं धोतर अंथरायचं, सगळ्यांनी आणलेलं त्यावर मांडायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. मी पुढे मास्तरीण झाले तेव्हा तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडून जशीच्या तशी उचलली.

त्या संध्याकाळी सडा चढताना आईला धाप लागली. ती कित्येक वर्षांत तिकडे चढली नव्हती. मी पुढे जायचे, परत यायचे, पुन्हा पुढे जायचे, आणि ती मला थांब म्हणत नव्हती. शालूचं घर वाडीच्या टोकाला होतं. पडवीत चटईवर शालू पडली होती आणि तिचे दोन धाकटे भाऊ तिच्या पायाशी बसले होते. तिचा बापूस मुंबईला. तिची आई पाणी भरून येत होती, ती आम्हांला बघून घाबरली. बोटीवाल्याची बायको दारात आली म्हणजे तक्रारच असणार, असं तिला वाटलं. कळशी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, आमच्या पोरीनं काय घेतलं काय तुमचं? आई नाही म्हणाली आणि शालूजवळ जमिनीवर बसली. माझ्या आईला कुणाच्या घरी जमिनीवर बसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शालूनं मंदा म्हणून हाक मारली, तेव्हा धाकट्यानं मला ओळखलं. "आणखी खाऊ आणलास?" त्यानं विचारलं. मग उलगडलं. ती दोघं रोज संध्याकाळी कातळाच्या वाटेवर शालूची वाट बघत बसायची. बिस्किटं आणि चॉकलेटं त्यांना मिळायची. शालू सकाळी कोरा चहा पिऊन निघायची, ती रात्री भात होईपर्यंत तशीच.

आईनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "मग हिला कशाला दिलीस गो भाकरी? नाय सांगायचंस."

शालूची आई सांग म्हणून ओरडली तेव्हा शालू भिंतीकडे बघत हळू म्हणाली, "मला वाटलं, मंदाला घरी कोण रांधून घालत नाय. रोज डब्यात पुड्यातलंच असतं. भाकरी दिली की कशी गिळायची, दोन दिवसांची उपाशी असल्यासारखी. मला तिची दया आली."

शालूची आई ओशाळली, पोरीला अक्कल नाही, मनावर घेऊ नका, असं काहीतरी पुटपुटू लागली. माझ्या आईचा चेहरा मी बघितला नाही, माझी हिंमतच झाली नाही. अख्ख्या गावाला दिसावं म्हणून तिनं भरलेला माझा डबा, आणि तो बघून एका मुलीनं आमच्या घरची चूल थंड ठरवली होती. मी ज्याला सौदा समजत होते ते त्या पोरीनं मला घातलेलं जेवण होतं. मला इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय हलले नाहीत.

आई उठली. मला वाटलं आता ती निघणार. तिनं शालूच्या आईला विचारलं, पीठ कुठं असतं? ती बिचारी नको नको म्हणत होती, तरी आई आत गेली, चुलीपुढे बसली, लाकडं सारली, आधणात पीठ घातलं. मी दारातून बघत होते. नाचणीची भाकरी फार चिवट असते, सवय नसेल तर थापताना कडा फाटतात. आईनं गोळा मळला, परातीत ठेवला आणि तळहात फिरवायला लागली. भाकरी वाढत वाढत परातीएवढी झाली आणि कुठंही फाटली नाही. हे तिला येतं, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. पहिली भाकरी तिनं शालूला दिली आणि ती संपेपर्यंत तिच्यासमोरून हलली नाही. दुसरी त्या दोघा पोरांना. तिसरी तिनं शालूच्या आईपुढे ठेवली आणि खा म्हणाली. मी दाराला टेकून उभी होते, अर्धे केस तोंडावर, आणि भुकेनं पोटात नुसती आग पडली होती. मला त्या संध्याकाळी कुणी भाकरी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.